मागच्या घरापासून सुरुवात

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त मोहोळ येथे दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई पंधरा दिवसांपूर्वी घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी कसली बोलणार? मला फार तर लोणच्याची कृती सांगता येईल." त्यावर त्या म्हणाल्या, "कृतीच सांगा, पण वाड्याची. जुना वाडा न पाडता राहण्याजोगा कसा केलात, हे पुष्कळ जणींना विचारायचे आहे." तेव्हा आज मी आपल्यापुढे उभी आहे ती कोणी जाणकार म्हणून नव्हे. दोन वर्षे चुना, धूळ आणि घरच्यांचे रुसवेफुगवे झाडीत राहिलेली एक गृहिणी, एवढाच माझा अधिकार आहे.

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' असे आपण म्हणतो. ज्याने ही म्हण केली, त्याने जुने घर दुरुस्त करून पाहिले नसावे. नव्या घराला जागा तेवढी रिकामी लागते. जुन्या घरात मात्र आधीच माणसे असतात, त्यांच्या सवयी असतात, आणि गेलेल्या माणसांच्या आठवणीही कोनाड्याकोनाड्यांतून बसलेल्या असतात. त्या सर्वांना विचारूनच एकेक दगड हलवावा लागतो.

आमचा वाडा आपल्यापैकी अनेकींनी पाहिला आहे. मामंजींच्या पणजोबांनी तो बांधला. पुढे दिंडीदरवाजा, दोन्ही अंगांना देवड्या, आत चौक, चौकात आड, चौकाभोवती सोपे. समोरच्या सोप्यामागे माजघर, माजघरामागे स्वयंपाकघर, त्याला लागून बाळंतिणीची खोली आणि सर्वांत शेवटी परस. भिंती दोन हात जाड, डोक्यावर माळवद. आपल्याकडे वैशाखात पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा बाहेरून येणारा पाहुणा सोप्यात टेकला की "वा! काय गारवा आहे!" असे म्हटल्यावाचून राहत नाही.

पण मैत्रिणींनो, हा पाहुणा सोप्यात बसलेला असतो, हे विसरू नका. तो माजघर ओलांडून मागे गेलेला नसतो.

मागे काही वर्षांपूर्वी आम्ही वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहायला गेलो होतो. केवढा तो डौल! चौकामागून चौक, कोरीव खांब, भिंतींवरची चित्रे, खाली कृष्णेचा घाट आणि देवळापाशी वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली ती भलीमोठी घंटा. आमच्याबरोबरची मंडळी दिवाणखान्याच्या तुळया पाहत होती. मी मात्र विचारले, "स्वयंपाकघर कुठे?" सगळे हसले. घरी परतताना गाडीत मलाच वाटले की प्रश्न तितकासा हसण्यासारखा नव्हता. वाड्याचे कौतुक आपण दरवाजापासून करतो. वाड्यात बायकांचे आयुष्य गेले ते मात्र मागच्या घरात.

आमच्या मागच्या घराला एकही खिडकी नव्हती. माळवदाला ठेवलेले एक साणे, तेवढीच प्रकाशाची वाट आणि तेवढीच धुराची. मी लग्न होऊन आले तेव्हा चुलीचा धूर साण्यातून थोडा बाहेर जाई आणि उरलेला आमच्या डोळ्यांत राही. न्हाणी परसात एका कोपऱ्यात, आणि संडास त्याही पलीकडे, काळोखात. पुढचा वाडा वाऱ्याचा आणि मागचा धुराचा, अशी ती वाटणी होती. आणि ती कोणी दुष्टपणाने केली होती असेही नाही. ज्याने वाडा बांधला तो मागे कधी बसलाच नव्हता, इतकेच.

आता थोडे माळवदाविषयी सांगते, कारण पुढची सगळी कथा त्याच्यावर आहे. तळखड्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर माती. वरून पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी माळवदावर नवी माती घालायची, चोपायची, गळती बुजवायची. मामंजी हे काम स्वतः उभे राहून करून घेत. घरावरची ती त्यांची माया होती. पण माया वाढत गेली तशी मातीही वाढत गेली. जुनी कोणी काढीत नसे, नवी मात्र दरसाल पडे.

1993 सालच्या 30 सप्टेंबरची पहाट आपल्यापैकी पुष्कळ जणींना आठवत असेल. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. चार वाजण्याच्या सुमारास मांडणीवरची भांडी वाजू लागली. मांजर असेल असे मला वाटले. इतक्यात सासूबाईंची हाक आली, "पोरांना घेऊन चौकात या!" आम्ही सगळे आडाजवळ अंधारात उभे राहिलो. वरून माती भुरभुरत होती. आमच्याकडे तेवढ्यावर निभावले. दिवस उजाडल्यावर किल्लारीची बातमी आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली गावेच्या गावे झोपेत गाडली गेली होती. हजारो माणसे गेली. आणि ती ज्यांखाली सापडली, ती घरे आमच्यासारखीच होती. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद.

सासूबाई त्यानंतर कित्येक महिने चौकात झोपल्या. गावोगावच्या लोकांनी मनाशी ठरवून टाकले की दगड वाईट, माळवद वाईट. कोणी पत्रे घातले, कोणी स्लॅब टाकला. भीती खरी होती, तिला मी नावे ठेवणार नाही. पण पत्र्याखाली चैत्र-वैशाख काढलेल्या बाईला विचारा म्हणजे ती सांगेल की एक भीती गेली आणि रोजची काहिली आली.

मामंजी गेले आणि वाड्याचा प्रश्न उभा राहिला. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त बाहेरगावी. त्यांचे म्हणणे, वाडा पाडावा, पुढे दुकानांचे गाळे काढावे, वर सदनिका बांधाव्या आणि वाटणी करून मोकळे व्हावे. आमच्या ह्यांचे म्हणणे, वाडवडिलांची वास्तू, एक दगडही हलवायचा नाही. दोन्ही भाऊ सोप्यात बसून वाद घालीत आणि आम्ही जावाजावा आतून चहा पाठवीत होतो. एके दिवशी जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, पाडला तर मला वाईट वाटेल. पण आहे तसा ठेवला तर मी इथे चार दिवसही राहायला येणार नाही. मुलांना रात्री परसात कोण नेणार?" मला वाटते, त्या दिवशी आमच्या घरातले सर्वांत शहाणपणाचे वाक्य कोणी बोलले असेल तर ते जाऊबाईंनी.

याच वेळी माझ्या हातून एक चूक झाली, ती तुम्हांला प्रांजळपणे सांगते. वकिलांकडून कागद तयार करून आणला होता. त्यात वन्संची, म्हणजे माझ्या नणंदेची, हक्कसोडाची सही हवी होती. मी त्यांना फोन करून म्हटले, "येताना आधारकार्ड आणा, एक सही करायची आहे." जणू दुधाच्या पिशवीचे सांगावे तसे! त्या आल्या, त्यांनी कागद वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, वाडा पाडायचा की ठेवायचा, हे मला कोणी विचारले का?"

मला उत्तर देता येईना. भगिनींनो, कायदा काय सांगतो ते आपल्याला ठाऊक हवे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या हिश्शात वाटा दिला. 1994 मध्ये आपल्या राज्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट राहिली नाही. आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्मानेच आहे, 2005 साली वडील हयात असोत वा नसोत. रीतसर वाटणी आधीच झालेली असेल तर गोष्ट निराळी. आमच्याकडे ती झालेली नव्हती. म्हणजे ज्या वाड्यावर मी 'आमचा आमचा' म्हणून बोलत होते, त्यात वन्संचा वाटा होता आणि मी तो फोनवर मागत होते.

वन्संनी सही केली नाही. घरात दोन महिने अबोला होता. मग सासूबाईंनी आम्हा सर्वांना मागच्या घरात बोलावले. सोप्यात नव्हे, मागच्या घरात. बाळंतिणीच्या खोलीचे दार उघडून त्या उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी पाच बाळंतपणे या खोलीत झाली. दोन लेकरे इथेच गेली. दहा दहा दिवस मला दिवस आहे की रात्र हे कळत नसे. तुम्ही वाडा पाडा नाहीतर ठेवा, पण ठेवणार असाल तर आधी हिला खिडकी पाडा."

सोप्यात सहा महिने जे ठरले नाही, ते तिथे एका घटकेत ठरले. वाडा पाडायचा नाही. वन्संचे नाव कागदावर तिसरा वाटा म्हणून राहील. आणि काम सुरू करायचे ते दिंडीदरवाजापासून नव्हे, मागच्या घरापासून.

आता कामाचे सांगते. आमच्या नशिबाने जुन्या घरांची माहिती असणारी एक तरुण इंजिनिअर मुलगी मिळाली. तिने प्रथम माळवदाला भोक पाडून माती मोजली. ती दोन फूट भरली! तिने पाटीवर हिशेब मांडून दाखवला. बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली, वर दोन फूट माती, म्हणजे 240 घनफूट. तिचे वजन 10 टनांवर जाते. "काकू, तुम्ही रोज एका भरलेल्या ट्रकखाली झोपता," ती म्हणाली. किल्लारीला घात कशाने झाला, हे मला त्या क्षणी कळले. दोष एकट्या दगडाचा नव्हता. तो दगड कसे रचले याचा होता आणि वर किती ओझे लादले याचा होता.

माती काढताना ती एका बाजूने उकरीत जायचे नाही. सगळीकडून सारखी, थराथराने उतरवायची, नाहीतर तुळया एकीकडे झुकतात. आम्ही फळ्यांपर्यंत सर्व माती उतरवली. तुळया हातोडीने ठोकून पाहिल्या. निरोगी लाकडाचा आवाज भरीव येतो, पोखरलेल्याचा पोकळ. दोन तुळया बदलाव्या लागल्या. तीन खांब बुडाशी कुजले होते. तेवढाच भाग कापून नवे लाकूड सांधले. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरके लाकडी आधार बसवले, म्हणजे हादरा बसला तरी चौकट तिरपी होत नाही. मग फळ्यांवर जाड प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर पुन्हा माती, पण फक्त आठ इंच. ओझे निम्म्याहून कमी झाले आणि गारवा राहिला. आता दरवर्षी नवी माती घालायची तर आधी तेवढी जुनी काढायची, असा मी घरात नियमच केला आहे.

भिंतींचे काम मला फार आवडले, कारण ते आपल्या शिवणकामासारखे आहे. जुनी जाड भिंत एकसंध नसते. आतून एक पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये दगडगोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड पुरेसे नसतील, तर हादऱ्याने पदर सुटतात आणि भिंत फुगून कोसळते. म्हणजे टाके न घातलेली वाकळच की! मग आम्ही भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून त्यांत सळई घातली आणि काँक्रीट भरले. हे झाले टाके. आणि माळवदाखाली भिंतींच्या माथ्यावर सळईचा पट्टा सर्व बाजूंनी फिरवला. हा झाला घराचा कमरपट्टा. दागिना दिसत नाही, पण घर त्यावर उभे आहे.

एक जुनी चूकही निस्तरावी लागली. काही वर्षांपूर्वी भिंतीला ओल आली म्हणून आम्ही खालून चार फूट सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ओल त्यामुळे मुळीच गेली नाही. ती आत कोंडली आणि वर चढली. दगडमातीच्या भिंतीला श्वास लागतो, आणि सिमेंट तिचे नाकतोंड दाबते. सर्व गिलावा काढून आम्ही चुन्याचा केला. चुना भिजवून मुरवावा लागतो. त्याला घाई चालत नाही. आमचे म्हातारे गवंडी म्हणत, "चुना आणि सासू, मुरले की सोसतात." हे मी सासूबाईंच्या देखत सांगितले आणि त्या हसल्या, म्हणून आज येथे सांगते.

आणि घाईची शिक्षाही भोगली. असे काम दिवाळीनंतर काढावे आणि होळीच्या आत माळवद झाकावे. आमचा अबोला दोन महिने लांबला, त्यामुळे काम उन्हाळ्यावर गेले. मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव कोसळला आणि उघड्या माजघरात घोटाभर चिखल झाला. त्या रात्री मी चिखलात उभी राहून रडले. जाऊबाई मात्र पदर खोचून घमेले घेऊन आल्या. ज्यांना वाड्यात चार दिवस राहायचे नव्हते त्या!

आता वाढवलेल्या भागाविषयी. परसात आम्ही विटांच्या दोन खोल्या, नवे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर-संडास बांधला. तो वाड्यापेक्षा ठेंगणा ठेवला, म्हणजे मागून येणारा वारा अडत नाही. नवे बांधकाम जुन्या भिंतीला चिकटवले नाही. मध्ये दोन इंचांची फट ठेवून ती वरून झाकली. जुने घर आणि नवे घर हादऱ्यात वेगवेगळ्या तालाने हलतात, एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ही फट. आमच्या इंजिनिअर मुलीला मी म्हटले, "बाई, ही फट सासूसुनांतही असावी." चिकटूनही राहू नये आणि छप्पर मात्र एकच असावे.

सासूबाईंच्या झोपण्याच्या खोलीलगतच एक संडास केला. उंबरा काढला, भिंतीला धरायला दांडी लावली. घराच्या आत संडास म्हणजे देवाधर्माचे काय, असे एका शेजारणीने विचारले. सासूबाईंनीच उत्तर दिले, "देव गुडघे दुखतात तेव्हा येत नाही धरायला." माळवदाचे पावसाचे पाणी पन्हाळीतून नळाने गाळून चौकातल्या आडाकडे वळवले. नळाला पाणी कधी येते आणि कधी येत नाही, हे आपण जाणतोच.

आणि ती खिडकी. जाड भिंतीत खिडकी पाडणे म्हणजे नुसते भोक नव्हे. आधी वरचा भार टेकूंवर घ्यायचा, भक्कम आडवी तुळई घालायची, मग खालचे दगड काढायचे. कोपऱ्याजवळ पाडायची नाही, कारण घराची ताकद कोपऱ्यात असते. दोन दिवस ते काम चालले. शेवटचा दगड बाहेर ओढला तेव्हा सकाळचे ऊन आत आले आणि समोरच्या भिंतीवर पडले. त्या भिंतीवर हळदकुंकवाची जुनी बोटे उमटलेली होती. इतकी वर्षे ती तिथे होती, आणि आमच्यापैकी कोणी पाहिली नव्हती. सासूबाई जवळ गेल्या, त्यांनी त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही माझी." त्या भिंतीला आम्ही रंग दिला नाही.

ती खोली आता वन्संची आहे. त्या वर्षातून दोनदा येतात, कुलूप उघडतात आणि खिडकीत बसून ज्वारी निवडतात. आपण माहेराला आलो आहोत असे त्या म्हणत नाहीत. "घरी आले," म्हणतात.

मैत्रिणींनो, सर्वांनाच जुने घर ठेवता येईल असे मी म्हणत नाही. काही घरे खरोखरच पडायला झालेली असतात आणि त्यांत माणसे ठेवणे पाप आहे. जाणकाराला दाखवल्यावाचून निर्णय घेऊ नका. पण ज्यांना ठेवायचे आहे, त्यांना अनुभवाचे चार शब्द सांगते. पहिला पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर घाला, म्हणजे माळवद, भिंतीचे टाके आणि लाकूड. रंगरंगोटी शेवटी. कागदावर सर्व वाटेकऱ्यांची नावे आधी येऊ द्या, लेकींचीसुद्धा. घरात सर्वांत म्हातारी आणि सर्वांत लहान जी व्यक्ती आहे, तिला रात्री कुठे जावे लागते ते पाहा आणि तिथून नकाशा सुरू करा. आणि घराविषयीची बैठक कधी भरलीच तर ती सोप्यात भरवू नका, स्वयंपाकघरात भरवा. तिथे वाद कमी होतात, निदान भूक लागली की थांबतात.

वाडा म्हणजे वैभव असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटते, वाड्याच्या भिंती चांगल्या होत्या, चौक चांगला होता, पण त्यातला उजेड नीट वाटला गेला नव्हता. आम्ही केले ते एवढेच. आजोबांच्या भिंती ठेवल्या आणि उजेडाची वाटणी पुन्हा केली.

 आणि हो, हे सर्व प्रत्यक्ष पाहायचे असेल तर केव्हाही या. फक्त दिंडीदरवाजातून आल्यावर सोप्यात थांबू नका. सरळ मागे या. हल्ली आम्ही सगळ्या तिथेच असतो.